नेमबाजी करा, पण खिसा सांभाळून

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताला नेमबाजीत ३ कांस्यपदकं मिळाली. मनू भाकरने २ पदकं मिळवली, त्यातलं एक सरबज्योत सिंगच्या जोडीने. तिसरं आणलं कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने. तेव्हापासून तुमच्याही घरात कुणीतरी हा विषय काढला असेल. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, ‘‘आई, मला शूटिंग शिकायचंय.’’ किंवा मुलीने नाही, रोज ऑफिसातून थकून येणाऱ्या नवऱ्यानेच म्हटलं असेल. मग तुम्ही मोबाइलवर रायफलची किंमत पाहिली आणि मोबाइल गुपचूप खाली ठेवला.

किंमत खोटी नाही. युरोपात बनलेली स्पर्धेची एअर रायफल आपल्याकडे दोन-तीन लाखांच्या घरात जाते आणि चांगलं एअर पिस्तूलही लाखाच्या पुढे. पण ही किंमत शेवटच्या पायरीवरची आहे. पहिल्या पायरीवर उभं राहून शेवटच्या पायरीचं बिल पाहिलं की कुणालाही घेरी येईल. या छंदात पैसा बंदुकीमुळे तितका वाया जात नाही, जितका ती घाईने विकत घेतल्यामुळे जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इथे आपण १० मीटरच्या एअर पिस्तूल आणि एअर रायफलबद्दल बोलतोय. यात बारूद नसते, दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र मागतो आणि तो द्यायलाच हवा. .२२ बोअरच्या बंदुकीचा मामला वेगळा. तिथे परवाना आला, गोळ्यांचा कोटा आला आणि दर गोळीमागचा खर्चही कितीतरी वाढला. छंद म्हणून सुरुवात करायची तर १० मीटरच बरं.

बंदूक सगळ्यात शेवटी

पहिले काही महिने क्लबची बंदूक वापरा. बहुतेक रेंजवर नवख्यांसाठी रायफल आणि पिस्तूल ठेवलेलं असतं. तुमची मान किती वळते, हात किती लांब आहे, उजवा डोळा प्रबळ आहे की डावा, हे सगळं त्या काळात कळतं. डोळ्याचं तर घरबसल्याही पाहता येतं. दोन्ही हात पुढे करून तळव्यांची छोटीशी खिडकी करा, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहिलं तो तुमचा प्रबळ डोळा. अनेक उजव्या हाताच्या माणसांचा डावा डोळा प्रबळ निघतो. उजव्या हाताची महागडी बंदूक आधीच घेऊन ठेवली असेल, तर हे नंतर कळून काय उपयोग?

फी विचारताना नुसता महिन्याचा आकडा विचारू नका. त्या आकड्यात बंदूक आहे का? छर्रे, टार्गेटचे कागद आणि सिलिंडरमध्ये भरायची हवा यांचे पैसे वेगळे का? प्रशिक्षक आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष शेजारी उभे राहतात? एका ठिकाणी फी कमी वाटते, पण दर गोष्टीचे पैसे वेगळे लागून ती दुसऱ्या ठिकाणापेक्षा महाग पडते. आणि पहिल्याच आठवड्यात ‘‘अमुक रायफल घ्या, आमच्याकडूनच घ्या’’ असा आग्रह झाला, तर दुसरी रेंजही पाहून या.

यात पैशांपेक्षा मोठी एक गोष्ट आहे. वडिलांनी कर्ज काढून अडीच लाखांची रायफल आणली की १२ वर्षांच्या मुलाला ‘‘मला आता नको वाटतंय’’ म्हणायची सोय राहत नाही. तो रेंजवर जातो, पण प्रत्येक गोळीमागे त्याला घरचा हप्ता दिसतो. नेमबाजीत मन शांत असावं लागतं, आणि त्या मुलाकडे नेमकं तेच उरत नाही. क्लबच्या बंदुकीवर ६ महिने काढले तर मुलाला सोडून देण्याचीही मुभा राहते आणि टिकला तर खर्च करताना तुम्हालाही धाकधूक होत नाही.

पिस्तूल की रायफल?

खर्चाच्या बाजूने पाहिलं तर पिस्तूल सरळ जिंकतं. पिस्तूल एका हाताने, कसल्याही आधाराशिवाय धरायचं असतं. त्यामुळे जॅकेट लागत नाही, पँट लागत नाही, ग्लोव्ह लागत नाही. पायात सपाट तळव्याचे, घोटा उघडा ठेवणारे साधे बूट चालतात. स्पर्धेच्या नियमानुसार पिस्तुलात घोटा झाकणारे बूट चालतच नाहीत.

रायफलचं तसं नाही. कॅनव्हास आणि चामड्याचं कडक जॅकेट, तशीच पँट, सपाट तळाचे खास बूट आणि ग्लोव्ह असा सगळा संसार उभा करावा लागतो. त्यात वाढत्या वयाचं मूल दीड-दोन वर्षांत त्या जॅकेटातून बाहेर येतं. म्हणून मुलांसाठी पहिलं जॅकेट नवं शिवूच नका. रेंजवर मोठ्या झालेल्या एखाद्या मुला-मुलीचं कपाटात पडलेलं जॅकेट नक्की असतं, प्रशिक्षकांना सांगून ठेवा. पुढे अंगाची वाढ थांबली की भारतात मापाने शिवून मिळणारं जॅकेट घ्या. ते आयात केलेल्यापेक्षा स्वस्त पडतं आणि बरेच भारतीय नेमबाज तेच घालतात.

अर्थात मुलाला रायफलच आवडली असेल, तर केवळ स्वस्त म्हणून पिस्तूल त्याच्या हातात कोंबू नका. न आवडलेला खेळ कितीही स्वस्तात मिळाला तरी महागच.

छर्र्यांचा हिशोब

बंदूक एकदाच घेतली जाते, छर्रे मात्र रोज संपतात. म्हणून खरी बचत इथे आहे, आणि घरखर्चाची वही ठेवणाऱ्यांना ती लगेच कळेल.

छर्रे बहुधा ५०० च्या डबीत येतात. हिशोबापुरतं समजा, डबी १००० रुपयांना मिळाली. म्हणजे एक छर्रा २ रुपयांचा. स्पर्धेत ६० शॉट असतात, त्याआधी नेम बसवायला १५ धरा. एका दिवसाचे झाले ७५ छर्रे, म्हणजे १५० रुपये. आठवड्यात ५ दिवस सराव केला तर ४ आठवड्यांत १५०० छर्रे, ३ डब्या, ३००० रुपये. आता यातले फक्त २ दिवस छर्रे वापरा आणि ३ दिवस छर्र्याशिवाय सराव करा. महिन्याला ६०० छर्रे लागतील, खर्च १२०० रुपये. महिन्याला १८०० आणि वर्षाला २१,६०० रुपये वाचले. तुमच्या गावातला डबीचा भाव घालून हाच हिशोब करून पाहा.

छर्र्याशिवाय सराव म्हणजे ड्राय फायरिंग. बंदूक तशीच धरायची, तसाच श्वास सोडायचा, तसाच नेम धरायचा आणि ट्रिगर हळूच दाबायचा, फक्त छर्रा भरायचा नाही. हा काही गरिबांचा सराव नव्हे. ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेले नेमबाजही हे रोज करतात. कारण छर्रा सुटला की आपलं लक्ष लगेच भोकाकडे जातं, दहा लागला की आठ? छर्रा नसला की लक्ष हातावर आणि साइटवर राहतं. ट्रिगर दाबताना पिस्तुलाचं टोक किंचित खाली झुकलं, तर ते तुम्हाला तेव्हाच दिसतं. नवख्यांची बहुतेक चूक तिथेच असते.

मात्र इथे एक इशारा. स्पर्धेच्या बहुतेक एअर रायफल आणि पिस्तुलांत ड्राय फायरिंगची वेगळी सोय असते, त्यात हवाही खर्च होत नाही. पण नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी स्वस्त एअरगन छर्र्याशिवाय कधीच चालवू नका. छर्र्यामुळे पुढे हवेची गादी तयार होते आणि पिस्टन तिच्यावर थांबतो. छर्रा नसेल तर तो थेट धातूवर आदळतो. चार दिवस छर्रे वाचवाल आणि पाचव्या दिवशी स्प्रिंग आणि सील बदलायला दुकानात जाल.

घरी बंदूकच नसेल तरी सराव अडत नाही. एअर पिस्तूल साधारण १ किलोचं असतं. १ लिटर पाण्याची भरलेली बाटलीही तेवढीच. मोकळ्या भिंतीवर पेन्सिलीने एक ठिपका काढा, बाटली धरलेला हात खांद्याच्या रेषेत आणा, १० सेकंद ठेवा, खाली घ्या, अर्धा मिनिट थांबा. अशा १५-२० फेऱ्या पुरेत. लहान मुलांना अर्ध्या लिटरपासून सुरुवात करू द्या आणि खांदा दुखला तर तिथेच थांबा. उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर, ज्यांना सगळा देश ‘शूटर दादी’ म्हणून ओळखतो, साठी ओलांडल्यावर नातीबरोबर रेंजवर गेल्या आणि तिथेच बंदुकीच्या प्रेमात पडल्या. रात्री घरचे झोपल्यावर पाण्याने भरलेला जग हातात धरून आपण हात स्थिर करत असू, असं त्या सांगत. त्यांच्या आणि त्यांची जाऊ प्रकाशी यांच्या आयुष्यावर २०१९ मध्ये ‘सांड की आंख’ हा सिनेमाही आला.

आता छर्र्यांच्या प्रतीबद्दल. दुकानात ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशी डोक्याची मापं लिहिलेल्या महाग डब्या दिसतील. अनुभवी नेमबाज आपल्या नळीला कुठलं माप जमतं ते तपासून घेतात. पण एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तुमचा हात अजून मुठीएवढ्या जागेत फिरत असेल तर दोन डब्यांतला फरक तुमच्या कागदावर दिसणारच नाही. सरावाला सपाट डोक्याचे साधे छर्रे घ्या. सपाट डोकं कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतं, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत. चांगली एक डबी स्पर्धेसाठी बाजूला ठेवा. रायफलमध्ये दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे वर्षभरानंतर छर्र्यांची निवड महत्त्वाची ठरू लागते. रेंजवरच्या चार-पाच जणांनी मिळून एकदम १०-२० डब्या मागवल्या तर भाव करता येतो आणि कुरिअरचा खर्चही वाटला जातो.

टार्गेटच्या कागदातही थोडी बचत होते. पिस्तुलाच्या एका कागदावर सरावात १० शॉट मारले तरी चालतं. उलट त्यातून जास्त कळतं, कारण १० भोकांचा घोळका उजवीकडे खाली सरकलाय की सगळीकडे विखुरलाय हे एका नजरेत दिसतं.

जुनं घेताना

६ महिने किंवा वर्ष झालं, आवड टिकली, प्रशिक्षकही हो म्हणाले. आता बंदूक घ्या, पण वापरलेली पाहा. स्पर्धेची चांगली एअर पिस्तुलं आणि रायफली नीट राखल्या तर अनेक वर्षं चालतात. नेमबाज दर काही वर्षांनी नवं मॉडेल घेतात आणि जुनं विकायला काढतात. ही खरेदी रेंजवर, प्रशिक्षकांच्या ओळखीत करा. मूळ बिल आणि बंदुकीवरचा नंबर जुळतो का ते पाहा, आणि बिल नसेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

हवेचं सिलिंडर सगळ्यात आधी तपासा. त्यावर तारीख कोरलेली असते. स्पर्धेच्या नियमांत सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त १० वर्षं धरलंय. ९ वर्षं जुनं सिलिंडर असेल तर नव्याची किंमत भावातून वजा करायला सांगा. गळती पाहण्यासाठी संध्याकाळी हवा भरून मीटरचा आकडा वहीत लिहा, सकाळी पुन्हा पाहा. काटा ठळकपणे खाली आला असेल तर सील गेलंय.

पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मापाची असते. थोडी मोठी किंवा लहान असेल तर घाबरू नका. लाकडाची पुट्टी आणि कानस घेऊन मूठ स्वतःच्या हाताप्रमाणे घडवणं ही नेमबाजांची जुनीच सवय आहे. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. तो तपासायलाही महाग यंत्र नको. बाटलीत पाणी भरत स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोरीसकट बरोबर ५०० ग्रॅम करा. छर्रा न भरता पिस्तूल कॉक करून नळी आकाशाकडे सरळ धरा आणि बाटली ट्रिगरला अडकवून हळूच उचला. ती उचलली गेली आणि ट्रिगर सुटला नाही तर पास.

न वापरणाऱ्या डोळ्यापुढची पांढरी पट्टी दुकानात विकत मिळते. दह्याच्या डब्याच्या झाकणातून ३० मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून टोपीला लावली तरी तेच काम होतं.

आणि चाळिशी ओलांडलेल्यांनो, रेंजवर समोरची साइट धूसर दिसते म्हणून महागडी शूटिंग फ्रेम घ्यायला धावू नका. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने नेम धरणं कठीणच जातं. चष्म्याच्या दुकानात सांगा की मला साधारण १ मीटरवरची वस्तू स्वच्छ दिसायला हवी, आणि घरातल्या जुन्या फ्रेममध्ये तेवढ्या नंबरची एक काच बसवून घ्या.

इथे पैसे वाचवू नका

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नका, कुणी फुकट दिला तरी. ऑक्सिजन आणि बंदुकीतलं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. कोरडी, स्वच्छ हवाच भरायची, आणि ती रेंजवरच भरून घेतलेली बरी.

रेंजची फी वाचवायला गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये टार्गेट लावण्याचा मोह होतो. सोसायटीत राहत असाल तर तो विचार सोडा. छर्रा टणक भिंतीवरून उलटा येतो, आणि दार उघडून कोण कधी बाहेर येईल याचा नेम नसतो. गच्चीवरच्या कबुतरांवर ‘नुसतं बघू’ म्हणून नेम धरणं हा तर खेळच नव्हे. पक्ष्या-प्राण्यांवर बंदूक चालवली तर वन्यजीव कायद्यात सरळ गुन्हा दाखल होऊ शकतो.

छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि छर्रे तोंडात धरायची काही मुलांना सवय असते ती पहिल्याच दिवशी मोडा. डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा आणि घरात कुलूपबंद पेटी, या दोन्हींचा खर्च पहिल्या महिन्यातच करून टाका.

प्रशिक्षकांवरही काटकसर नको. चुकीची उभं राहण्याची पद्धत एकदा अंगवळणी पडली की ती सुटायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या काळात छर्रे संपत राहतात ते वेगळेच.

सरकारी दारं ठोठावून पाहा

मूल शाळा-कॉलेजात असेल तर एनसीसीची चौकशी करा. अंजली भागवत यांच्या हातात बंदूक पहिल्यांदा आली ती मुंबईत कॉलेजच्या एनसीसीतच. शालेय क्रीडा स्पर्धा आणि ‘खेलो इंडिया’ यांतही नेमबाजी आहे. महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून स्वप्नील कुसाळे घडला, पुढे त्याला रेल्वेत नोकरी मिळाली. पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीला, दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंग रेंजवर आणि भोपाळला राज्याच्या अकादमीत सोयी आहेत. तुम्ही इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहत असाल तर जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या रायफल असोसिएशनचा पत्ता काढा, जवळची मान्यताप्राप्त रेंज तिथेच कळेल. सरकारी रेंजची फी बहुधा खासगी अकादमीपेक्षा कमी असते. गर्दी मात्र जास्त असते, म्हणून सकाळची वेळ मागून पाहा.

देशपातळीवरची संघटना म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन. १९५१ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, बडोद्यात जन्मलेले आणि अहमदाबादेत वाढलेलं मराठी नाव. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते. राज्य स्पर्धेतून तिथे आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत जाता येतं. ठरलेले गुण मिळवून ‘रिनाउन्ड शॉट’चा दर्जा मिळाला तर परदेशातून बंदूक आणि छर्रे आणताना सवलती मिळतात. म्हणून महागडी आयात त्या टप्प्यापर्यंत पुढे ढकलणं शहाणपणाचं. पहिल्या वर्षी दूरच्या चार स्पर्धांपेक्षा जवळची एक जिल्हा स्पर्धा पुरे. प्रवास, हॉटेल आणि प्रवेश फी यांची बेरीज केली तर एका स्पर्धेत दोन महिन्यांचे छर्रे येतात.

बंदूक घेतली की तिचं बिल, खोका, टेस्ट टार्गेट आणि सुटे भाग एकत्र जपून ठेवा, बिल घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर असू द्या. दोन वर्षांनी मुलाला दहावीचा अभ्यास आला किंवा मन दुसरीकडे गेलं, तर अशा नीट ठेवलेल्या बंदुकीला गिऱ्हाईक रेंजवरच मिळतं आणि भावही बरा येतो. देताना घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, बंदुकीचा नंबर आणि तारीख लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करून स्वतःजवळ ठेवा.